अर्धा इंच म्हणजे चार सूत

"मॅडम, टॅब घेऊन दिला, ॲपचे वर्षाचे पैसे एकदम भरले, तरी गणितात तेच!"

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे इतक्यांदा ऐकलंय, की पालक 'टॅब' म्हणाले की पुढचं मला पाठ असतं. कोणी घोडबंदर रोडवरून येतं, कोणी कळव्याहून. मूल बहुधा नववीतलं. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ओंकार सेमी-इंग्रजीत. वडील वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये फिटर. सहामाहीला बीजगणितात ४० पैकी ७. ॲपचा अहवाल मात्र झकास. दर रविवारी वडिलांच्या मोबाइलवर हिरवागार आलेख यायचा.

"ॲप खोटं बोलतंय का?" वडिलांनी विचारलं.

पहिल्या दोन भेटींत मीही भलतीकडेच शोधत होते. झोप, रील्स, एकाग्रता, सगळं विचारून झालं. तिसऱ्या भेटीला टॅब आणायला सांगितला. म्हटलं, रोज करतोस तसं कर, मी नुसती बसते. त्याने 'बहुपदी' उघडलंच नाही. 'संच' उघडलं, कारण ते येत होतं. पटापट उत्तरं, हिरवं, हिरवं. मध्येच ॲपने अपूर्णांकाचं उदाहरण पुढे केलं, तर पठ्ठ्या मागे फिरून तोच जुना सराव करायला लागला.

"ते का सोडलंस?"

"चुकलं तर बाबांना जातं."

"काय जातं?"

"लाल." मग जरा वेळाने, "आणि वर 'इयत्ता पाचवी' लिहून येतं. ताई बघते."

ॲप आपलं काम चोख करत होतं. पोराची गाडी पाचवीच्या अपूर्णांकांत अडलीय हे त्याने शाळेच्या, क्लासच्या आणि माझ्याही आधी ओळखलं होतं. यंत्राचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे त्याच्यासमोर दहा वेळा चुकलं तरी ते सुस्कारा टाकत नाही. साप्ताहिक अहवाल घरी पाठवून आपण नेमकी तीच मोकळीक काढून घेतली होती.

मी रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या विचारांची, हे लपवत नाही. मूल एकट्याने जे करतं आणि जाणत्याचा हात धरून जे करू शकतं, त्यांच्या मधल्या जागेत शिकणं घडतं, असं तो सांगून गेला. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूमने १९८४ साली लिहिलं, की एकास एक शिकवलेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं. एवढा मोठा फरक नंतर क्वचितच कोणाला दिसला, पण ॲपवाल्यांचं स्वप्न तिथलंच आहे. ॲप ती मधली जागा शोधून देतं. हात धरायला मात्र माणूस लागतो.

चौथ्या भेटीला वडिलांनाही बसवलं. कागदावर लिहिलं, १/२ + १/८. ओंकारने अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/१० लिहिलं. वडील काही बोलणार, तेवढ्यात मी त्यांनाच विचारलं, "तुमच्याकडे अर्ध्या इंचात एक सूत मिळवलं तर?"

"पाच सूत." विचारसुद्धा करावा लागला नाही.

"कसं काय?"

"अर्धा इंच म्हणजे चार सूत. त्यात एक."

ओंकार वडिलांकडे बघायला लागला. "सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग, अरे."

त्याने २/१० खोडलं. सावकाश ४/८ लिहिलं, पुढे १/८, मग ५/८. "म्हणजे आधी अर्ध्याचे सूत करायचे!" 'छेद समान करा' हे चार वर्षं फळ्यावर होतं. ते रोज संध्याकाळी डबा घेऊन घरीही येत होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढची दहा मिनिटं बापलेक पाव इंच, पाऊण इंच करत राहिले. मी गप्प होते. गप्प बसायला मला पंधरा वर्षं लागली, तेवढं श्रेय घेते.

मग आम्ही अहवाल बंद केला. त्याऐवजी रविवारी वडिलांनी एवढंच म्हणायचं, "कुठे अडलास ते दाखव." रोज वीस मिनिटं, आधी वहीत, मग टॅबवर. 'डिनॉमिनेटर'ला अडखळला की भाषा मराठी करून 'छेद' वाचायचा. ताईची खुर्ची हलवली, हसू नका, त्याचा उपयोग झाला.

तुम्ही पैसे भरण्याआधी एक बघा: सुरुवातीची चाचणी मुलाला मागच्या इयत्तेत नेते, की नववीचेच व्हिडिओ दाखवते? दुसऱ्या प्रकारचं ॲप फुकटातही महाग. बालभारतीची खालच्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, त्यांतल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपवरचं साहित्य उघडतं. तिथून सुरुवात करा. वाचन-लेखनातही अडचण दिसली, किंवा महिनोन्‌महिने सराव करूनही साध्या संख्या निसटत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. सायन रुग्णालयात ती होते, आणि प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही असतात.

पुढच्या घटक चाचणीत ओंकारला २० पैकी ९ मिळाले. "नऊच?" वडील म्हणाले. पोराने पेपर उलगडून एका लाल फुलीवर बोट ठेवलं. "इथे सूत करायला विसरलो, बाबा." वडिलांनी खिशातून चष्मा काढला.