टीमच्या कॉम्प्युटरवरचा ॲक्टिव्हिटी डेटा वापरून कोचिंग कसं करावं? त्यासाठी कोणतं टूल चांगलं?

12 जणांच्या टीमवर ट्रॅकर बसवलाय, दोघांची ‘ॲक्टिव्हिटी’ 50 टक्क्यांच्या खाली दिसते, त्यांना कोचिंग द्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. त्या दोघांना तूर्त काहीही बोलू नका. तो आकडा कामाचा नाही, माउस हलल्याचा आहे.

ट्रॅकर मुळात दोन गोष्टी बघतो. समोर कोणती विंडो आहे, आणि शेवटचं बटण किंवा माउस कधी हलला. ॲक्टिव्हिटीवॉचसारख्या ओपन सोर्स टूलमध्ये मुळातली सेटिंग अशी की 3 मिनिटं हालचाल नाही म्हणजे माणूस जागेवर नाही. करार वाचणारा, दुसऱ्या मॉनिटरवर ड्रॉइंग बघणारा, हेडसेट लावून ग्राहकाचं ऐकून घेणारा, सगळे गैरहजर. आणि सिस्टिम धड नसल्यामुळे एकच बिल दोनदा टाईप करणारा मात्र सगळ्यात कष्टाळू! ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ म्हणणाऱ्या मॅनेजर मंडळींशी माझा वाद जुना आहे. टक्केवारीवर माणूस जोखलात की लोक टक्केवारी वाढवतात, काम नाही. 2024 मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केल्याबद्दल डझनाहून जास्त लोकांना काढलं. माझं म्हणणं, असे देखावे तिथेच सुचतात जिथे हालचालीलाच किंमत आहे.

या डेटात खरी किंमत आहे ती एका विंडोतून दुसरीत होणाऱ्या उड्यांना. बिलं पास करणारी टीम घ्या. मेलमधून पीडीएफ उघडायची, ईआरपीत (कंपनीच्या हिशेब-खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंद करायची, मध्येच एक्सेल, परत ईआरपी, मग चॅटवर कुणाला तरी विचारायचं. ‘ईआरपी, एक्सेल, ईआरपी’ अशी जा-ये एका बिलामागे किती वेळा होते ते मोजा. तासाला नाही, बिलामागे. त्यासाठी ईआरपीच्या लॉगमधून प्रत्येक बिल उघडल्याची आणि सेव्ह केल्याची वेळ काढून ट्रॅकरच्या नोंदींशी जोडावी लागते. ही जोडणी टाळली तर पुढचं सगळं विश्लेषण म्हणजे रंगीत तक्ते.

डेटा साफ करताना हमखास एक घोळ होतो. ‘गोंगाट’ म्हणून 5 सेकंदांखालच्या नोंदी उडवल्या जातात. कॉपी-पेस्टची उडी बहुतेकदा त्याच्या आतलीच असते. म्हणजे जे शोधायचं तेच गाळून टाकलं. चाळणी 1 सेकंदाची ठेवा. विंडो बदलताना वाटेत क्षणभर दिसणाऱ्या खिडक्या तेवढ्याने जातात. दुसरं, सरासरी काढू नका. एक बिल उघडं ठेवून माणूस जेवायला गेला की सरासरी बिघडली. मध्यक, म्हणजे सगळे वेळ क्रमाने लावून बरोबर मधला, घ्या, आणि सोबत सगळ्यात जास्त वेळ खाणारी 10 टक्के बिलं वेगळी काढून एकेक बघा. तिसरं, पर्चेस ऑर्डर (खरेदीची आधी दिलेली लेखी मागणी) असलेली आणि नसलेली बिलं एकत्र मोजू नका. किचकट बिलं नेहमी टीममधल्या जाणत्या माणसाकडे ढकलली जातात आणि मग यादीत तोच सगळ्यात संथ ठरतो. तुमच्या त्या दोघांपैकी एखादा तसाच असेल तर मला नवल वाटणार नाही.

आता समजा, जवळपास सगळेच प्रत्येक बिलाला एकाच एक्सेल फाईलवर जाऊन येताना दिसले. शेजारी बसून बघितलं की कळतं, ईआरपीत व्हेंडर फक्त कोडने शोधता येतो, म्हणून कुणीतरी नाव-कोडची यादी करून ठेवलीय. इथे कोचिंग कुणाला देणार? नावाने शोध सुरू करून घ्या, विषय संपला. सगळ्यांची वाट सारखीच वाकडी असेल तर दोष सिस्टिमचा. कोचिंगची जागा तिथेच, जिथे त्याच प्रकारच्या बिलावर, त्याच स्क्रीनवर एखाद्याचीच वाट वेगळी पडते. त्याला सेव्ह केलेला फिल्टर माहीत नसतो, किंवा तो प्रत्येक मेल नव्याने टाईप करत असतो. डेटा फक्त कुठे बघायचं ते सांगतो; का, ते शेजारी बसून 3-4 बिलं होताना बघितल्यावरच समजतं. मग एकच बदल सुचवा. आधीचे 2 आठवडे आणि नंतरचे 2 आठवडे ताडून बघा, दोन्हींतून महिनाअखेर वगळून. सोबत परत आलेल्या बिलांची संख्या ठेवाच, कारण तपासणी गाळूनही वेग वाढतो.

डेटा आधी कुणी बघायचा? ज्याचा त्याने. मॅनेजरला गटाचे आकडे, तेही गटात निदान 5 जण असतील तरच. तुमच्या 12 जणांचे कामानुसार तीन भाग पाडलेत तर हा नियम लगेच मोडतो. मायक्रोसॉफ्टनेही 2020 मध्ये आपल्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या वापराला गुण देणाऱ्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअरमधून व्यक्तींची नावं टीकेनंतर काढून टाकली. फ्रान्समध्ये लोकांच्या खासगी माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या सीएनआयएल या नियामकाने डिसेंबर 2024 मध्ये एका कंपनीला 40,000 युरोचा दंड केला. तिथलं सॉफ्टवेअर 3 ते 15 मिनिटं हालचाल नसली की ‘निष्क्रिय’ अशी नोंद करायचं, शिवाय स्क्रीनशॉट घ्यायचं. तेव्हा लोकांना लेखी कळवल्याशिवाय काहीही चालू करू नका, आणि तुमच्याकडचा कायदा वकिलाकडून तपासून घ्या.

हो, हे आधी लिहायला हवं होतं: टीम रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे आपल्या स्क्रीनवरून दूरचं मशीन चालवत काम करत असेल तर ट्रॅकर त्या रिमोट मशीनवर बसवावा लागतो. नाहीतर दिवसभर एकच ॲप दिसेल. ब्राउझरचं तसंच, एक्स्टेंशन नसेल तर फक्त टॅबचं शीर्षक मिळतं. आणि काम ठरावीक साच्याचं नसेल, म्हणजे डिझाइन, संशोधन, वाटाघाटी, तर वरच्या जवळजवळ कशाचाच उपयोग नाही.

टूल कोणतं, हा प्रश्न त्यामानाने गौण. कच्च्या नोंदी वेळेसकट बाहेर काढता आल्या पाहिजेत, आणि 30 दिवसांनी त्या आपोआप पुसल्या जाऊन फक्त बेरजा उरल्या पाहिजेत. विंडोच्या शीर्षकात ग्राहकांची नावं आणि मेलचे विषय येतात. ते सर्व्हरवर जाण्याआधी मशीनवरच झाकता येतात का, एवढं विक्रेत्याला डेमोच्या आधी विचारा. नाही म्हणाला तर डेमो बघण्यात वेळ घालवू नका.