मुंबईच्या बागा : दोन दिवस, दोन मुलं आणि आईंचे गुडघे

तुमचा बेत थोडक्यात असा: कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मंगळवारी सकाळी मुंबई, बुधवारी रात्री त्याच गाडीने परत. सोबत दोन लहान मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या आई. यादीत नऊ बागा, त्यात राणीबाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) बुधवारी.

आधी हा बुधवार बदला. राणीबाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी बंद. बंद फाटकासमोर पोरं घेऊन उभी असलेली बाहेरगावची मंडळी तिथे नेहमी दिसतात.

नऊपैकी काही बागा सरळ खोडा. बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणजे शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल. आत कान्हेरीची लेणी आहेत आणि त्यालाच एक दिवस लागतो (ते सोमवारी बंद असतं, पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा). माहीमचं नेचर पार्क आणि दादरची ‘फाइव्ह गार्डन्स’ छान आहेत, पण तुमच्या वाटेवर नाहीत. कोल्हापुरात रंकाळ्यावरून उठून महावीर उद्यानात जावं तसं मुंबईत होत नाही. तिथे दोन गोष्टी बघायच्या: ऊन कुठून येतंय आणि लोकलची गर्दी कुठल्या दिशेला चाललीय.

म्हणून मंगळवारी दादरला उतरू नका. सकाळी दादरहून भायखळ्याकडे जाणारी लोकल म्हणजे अख्खं ऑफिस सीएसएमटीकडे निघालेलं असतं, त्यात आईंना चढताही येणार नाही. गाडी शेवटपर्यंत, सीएसएमटीपर्यंत घ्या. राहायचंही तिथेच जवळ बघा. खोली दुपारी मिळणार असेल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगांना कुलूप हवं, नसेल तर घेत नाहीत. आवरून, नाश्ता करून भायखळ्याची लोकल धरा. तिसरंच स्टेशन आहे आणि गर्दीच्या उलट दिशेने जात असल्यामुळे बसायला जागा मिळते. भायखळ्याला पूर्वेकडे बाहेर पडा, तिथून राणीबाग चालत दहा मिनिटं.

फाटक साडेनऊला उघडतं. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५. आई-वडील आणि दोन मुलं यांचं मिळून १०० रुपयांचं कौटुंबिक तिकीट वेगळं मागावं लागतं. आजींचं त्यात येत नाही, ज्येष्ठांची सवलत खिडकीवर विचारा. आत शिरल्यावर आधी पेंग्विन. हे हम्बोल्ट जातीचे, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले, आणि त्यांच्यासाठी आत गारवा राखलेला असतो. अकरानंतर शाळांच्या सहली आल्या की तिथली रांग हलत नाही. मग वाघ-बिबळ्याकडे. उशीर केला तर जनावरं सावलीला जाऊन झोपतात आणि मुलांना नुसती शेपटी दिसते.

पण ही बाग खरी झाडांची आहे, हे फार थोडे लोक बघतात. १८६२ पासूनची झाडं आहेत: गोरखचिंच, कैलासपती, आणि फुलांच्या दिवसांत उर्वशी. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेत जुनी झाडं आणि मध्ये वस्तुसंग्रहालय आहे, तेच इथे ५३ एकरांत समजा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडलं तो हाच, घारापुरीचा. इंग्रज तो विलायतेला नेत होते, उचलताना फुटला, मग तुकडे जोडून १९१४ मध्ये इथे उभा केला. शेजारी मूळ काळा घोडा, वर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजासकट. काळा घोडा चौकातून तो १९६५ मध्ये इथे आणला, चौकात आता दिसतो तो नवा आणि बिनस्वाराचा. साडेबाराला बाहेर पडा. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे कोल्हापूरच्या मानाने इथे लवकर थकायला होतं. दुपारी खोलीवर पडून राहा.

साडेचारला मलबार हिल. टॅक्सीच करा, मीटरने. हँगिंग गार्डन पाण्याच्या मोठ्या टाकीवर केलेली बाग आहे. खाली टाकी असल्यामुळे मोठ्या झाडांची मुळं तिथे चालत नाहीत, म्हणून कापलेल्या झुडपांचे प्राणी आणि सावली नावालाच. भर दुपारी जाणारे इथेच फसतात. बाग पश्चिमेकडे आहे, म्हणून सूर्य मावळताना इथे असायचं. हिवाळ्यात सहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सातला. मग रस्ता ओलांडून कमला नेहरू पार्क: मुलांसाठी म्हातारीचा बूट, आणि दिवे लागले की खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची माळ. हा क्रम उलटा केला तर दोन्हीकडची मजा जाते.

तिथेच २०२५ मध्ये झाडांमधून जाणारी ४८५ मीटरची लाकडी वाट सुरू झाली. तिकीट २५ रुपये, पण तासातासाच्या वेळा ऑनलाइन ठरवाव्या लागतात. आयत्या वेळी गेलात आणि जागा नसली तर परत पाठवतात. मुलांना न्यायचं असेल तर पाचची वेळ घ्या, सूर्यास्ताच्या आत बाहेर येता. तोवर आई बागेतल्या बाकावर बसतील.

बुधवार सोपा. सकाळी हॉर्निमन सर्कल, सीएसएमटीहून चालत पंधरा मिनिटं. छोटी गोल बाग आणि मोठी झाडं. समोरच्या एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या तीस आहेत, त्या मुलांनी चढाव्यात. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाक ऑफिसवाल्यांचे होतात, त्याआधी उठा. दुपारच्या उन्हात शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. चारनंतर ओव्हल मैदान. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, समोर आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. या सगळ्याला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरवलं. संध्याकाळचं ऊन टॉवरवर पडतं, म्हणून फोटो तेव्हाच काढायचा. मधल्या पायवाटेनेच चाला. दोन्हीकडे एकाच वेळी चार-पाच क्रिकेटचे डाव चालू असतात आणि चेंडू कुठूनही येतो.

शिवाजी पार्क मी मुद्दाम गाळलं. आईंना तिथला बसायचा कट्टा फार आवडला असता, गुडघ्याला सोयीचा आहे. पण सामान सीएसएमटीला, संध्याकाळ दादरला आणि गाडी रात्रीची, यात हमखास घोळ होतो. तरी करायचंच असेल तर बुधवारी सकाळी खोली सोडताना सामान दादरकडे हलवा आणि तिकिटाचं बोर्डिंग आधीच बदलून दादर करून घ्या. न बदलता तिथे चढलात तर तोवर बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो. आणि दादरला गाडी फार थांबत नाही, म्हणून डब्याची जागा आधी विचारून आईंना तिथे नेऊन बसवा.