ब्रेक्झिट बाहेरच्यांना रोखायला होतं ना? मग आपले लोक वाढले कसे?

प्रश्न असा आहे की ब्रिटनने युरोपियन युनियन सोडलं ते बाहेरच्या लोकांना अडवायला, मग त्यानंतर भारतीय स्टुडंट आणि नोकरीवाले तिकडे उलट जास्त कसे गेले, आणि आता धाकट्या भावाला मास्टर्सला पाठवावं का. भावाचं शेवटी सांगतो. आधी एक कबुली देऊन टाकतो, २०१६ च्या त्या सार्वमतात मी मत दिलंय, भारतीय पासपोर्टवर, आणि लीव्हला, म्हणजे युनियन सोडायला दिलंय.

हो, भारतीय पासपोर्टवर. डोंबिवलीला सांगितलं तर अजून कोणाला पटत नाही. पण कॉमनवेल्थ देशाचा माणूस व्हिसावर तिथे राहत असेल तर मतदार यादीत नाव घालता येतं, घरी कार्ड येतं, तसं माझंही आलं. आणि गंमत बघा, युरोपातून आलेल्यांना, आयरिश, माल्टा आणि सायप्रसवाले सोडले तर, त्या सार्वमतात मतच नव्हतं. म्हणजे मी २०१२ ला टिअर टू, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसावर लंडनजवळच्या स्लाऊला आलेलो, चार वर्षं झालेली, मला मत. आणि शेजारचा पोलिश प्लंबर, २००५ पासून तिथे, टॅक्स भरतो, मुलगी तिथेच जन्मलेली, त्याला नाही. ज्याच्या राहण्याबद्दल मतदान होतं तोच बाहेर उभा.

आता "बॉर्डर" म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. शेंगेन म्हणजे पासपोर्ट न दाखवता एकमेकांकडे जाता येतं असा युरोपातल्या देशांचा गट, त्यात ब्रिटन कधीच नव्हतं. हीथ्रोला, डोव्हरला पासपोर्ट आधीही बघायचे. फरक एवढाच की युरोपियन युनियनचा पासपोर्ट किंवा साधं ओळखपत्र दाखवलं की त्याला अडवायचा हक्क जवळपास नव्हता, एखादा मोठा गुन्हेगार सोडला तर, आणि आत आल्यावर तो कुठेही नोकरी धरू शकत होता, ना व्हिसा, ना स्पॉन्सर, ना फी. माल, सेवा, पैसा आणि माणसं या चारही गोष्टी युनियनमध्ये मोकळ्या फिरणार, त्यातली माणसं नकोत बाकी तीन द्या असं चालत नाही. तेव्हाचा पंतप्रधान कॅमेरॉन फेब्रुवारी २०१६ ला ब्रसेल्सहून, युनियनच्या मुख्यालयातून, जे घेऊन आला त्यात माणसांबद्दल फक्त येणाऱ्यांचे सरकारी भत्ते काही वर्षं कमी करायचं होतं, माणसांच्या आकड्यावर लगाम नव्हताच. आणि ह्याच माणसाने २०१० ला सांगितलेलं की आलेले वजा गेलेले हा आकडा मी हजारांत आणीन, लाखाच्या आत. मतदानाच्या वेळी तो तीन लाखांच्या वर होता. दरवर्षी टार्गेट फेल आणि दरवर्षी तेच टार्गेट परत, मग लोक चिडणारच ना.

मूळ ठिणगी २००४ ची. त्या वर्षी पोलंड, लिथुएनिया वगैरे पूर्वेकडचे देश युनियनमध्ये आले. जुन्या देशांना सात वर्षांपर्यंत नोकरीचं दार बंद ठेवायची मुभा होती, जर्मनीने २०११ पर्यंत ठेवलं, पण ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्याच दिवशी उघडलं. ब्रिटिश सरकारकडे अंदाज होता वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील. तो अंदाज बाकीचे देशही दार उघडतील असं धरून केलेला, ते झालं नाही, आणि आले लाखांनी. २०१५ पर्यंत परदेशात जन्मलेल्यांच्या यादीत पोलंडने भारतालाच मागे टाकलं. लिंकनशायरमधलं बॉस्टन नावाचं छोटं गाव आहे, कोबी आणि फुलांची शेती, तिथे शेतमजूर म्हणून एवढे लोक आले की गावाचा चेहराच बदलला, आणि तिथे २०१६ ला ७५ टक्क्यांच्या वर मतं लीव्हला पडली. लोक काय बोलायचे ते मी ट्रेनमध्ये ऐकायचो, डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, शाळेत जागा नाही, भाडी वाढली. डोंबिवली फास्टमध्ये "बाहेरच्यां"बद्दल जे ऐकत मोठा झालो त्याचंच इंग्लिश भाषांतर, फक्त इथे बाहेरचा मी होतो आणि तरी मान हलवत होतो.

का हलवत होतो तेही सांगतो. २०१५ ला आमच्याकडे बाळ होणार होतं, आईला तीन महिने बोलवायचं म्हणून व्हिजिट व्हिसा टाकला, बँक स्टेटमेंट, घराची कागदं, माझं पत्र सगळं जोडलेलं, तरी रिजेक्ट. कारण काय, तर बाई परत जाईल याची खात्री वाटत नाही. बासष्ट वर्षांची, आयुष्यभर डोंबिवलीत राहिलेली, घरात तुळस, जिला कल्याणला एक रात्र राहायला नको वाटतं. त्याच महिन्यात शेजाऱ्याची आई कातोवित्सेहून स्वस्तातल्या विमानाने ल्यूटनला उतरली, ओळखपत्र दाखवून, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे खसखशीचा केक घेऊन आली. बायको बाळंतपणाच्या कळांत, आणि दारात आई कोणाची तर त्याची! राग त्या बिचारीवर नव्हता पण डोक्यात कुठेतरी बसला. वर एप्रिल २०१६ पासून नियम आला की टिअर टू वाल्याचा पगार वर्षाला ३५ हजार पौंड नसेल तर, काही ठराविक कामं सोडून, कायमचं राहायला मिळणार नाही. मतदान जूनमध्ये. आमच्या ऑफिसात निम्मे देसी तेव्हा तेच बोलत होते, आम्हाला चाळणी आणि त्यांना फाटक उघडं.

लीव्हवाल्यांना हे बरोबर कळलेलं. लाल बसवर आठवड्याला ३५० मिलियन पौंड ब्रसेल्सला जातात असं लिहिलेलं सगळ्यांना आठवतं, आणि तो आकडा चुकीचाच होता, परत मिळणारी रक्कम त्यात वजाच केलेली नव्हती. पण आपल्या लोकांना वेगळंच सांगितलं जायचं. लीव्हच्या बाजूची मंत्री प्रीती पटेल करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगत होती की युरोप सोडलं की तुमचे शेफ आणता येतील. म्हणजे एकीकडे लीव्हवाला नेता नायजेल फराजचं ते रांगेतल्या निर्वासितांचं पोस्टर, लोक कमी करू, आणि दुसरीकडे आम्हाला, तुमचे लोक जास्त आणू. दोन्ही एकाच खोक्यात. "टेक बॅक कंट्रोल" या तीन शब्दांची हीच कमाल की "कंट्रोल" ऐकून बॉस्टनच्या माणसाने "कमी" ऐकलं आणि मी "बरोबरी" ऐकली. कंट्रोल म्हणजे नळ आपल्या हातात, पाणी बंद असं कुठे म्हणाले होते ते!

२३ जून २०१६, गुरुवार. लंडनच्या आजूबाजूला धो धो पाऊस. आमचं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये, बोटाला शाई नाही, तेव्हा ओळखपत्रही मागत नव्हते, नाव पत्ता सांगा आणि कागद घ्या. दोऱ्याला बांधलेली आखूड पेन्सिल. दोनच चौकोन, राहायचं की सोडायचं. त्या आठवड्यात काही लोक ओरडत होते की पेन न्या, पेन्सिलचं खोडतील. मी मिनिटभर थांबलो आणि आईचं ते रिजेक्शनचं पत्र आठवून खालच्या चौकोनात फुली मारली. रिमेनच जिंकणार असं सगळे म्हणत होते, मग आपला राग फुकटात नोंदवून घेऊ, एवढाच हिशोब होता.

पहाटे पावणेपाचच्या सुमारास टीव्हीवर सांगितलं की लीव्ह. ५१.९ विरुद्ध ४८.१. स्कॉटलंड ६२ टक्के रिमेन, लंडन जवळपास ६० टक्के रिमेन, आणि आमचं स्लाऊ, जिथे हाय स्ट्रीटवर इंग्लिशपेक्षा पंजाबी जास्त ऐकू येते, ५४ टक्के लीव्ह. त्यामुळे फक्त गोऱ्यांनी केलं असं कोणी म्हणालं की मी गप्प बसतो. शंभर रुपयांच्या आसपासचा पौंड नव्वदीच्या घरात आला, माझा घरचा हप्ता इथून जायचा, तो त्याच सकाळी महाग झाला. बाहेर आलो तर शेजारी व्हॅनला टेकून सिगरेट ओढत होता. म्हणाला, तुला मत होतं ना, काय दिलंस? मी म्हणालो, रिमेन. त्याने खांद्यावर हात ठेवला. जानेवारीच्या थंडीत रात्री अकराला येऊन ह्याने आमचा बॉयलर चालू करून दिलेला, एक पैसा न घेता.

पुढची चार वर्षं थोडक्यात सांगतो कारण तो नुसता तमाशा होता. कॅमेरॉनने त्याच सकाळी राजीनामा जाहीर केला, पंतप्रधान म्हणून थेरेसा मे आली, तिचा युनियन सोडायचा करार जानेवारी २०१९ ला संसदेत २३० मतांनी आपटला, मग बोरिस जॉन्सन, मग ३१ जानेवारी २०२० ला बाहेर. सगळ्यात मोठं घोडं अडलं ते आयर्लंडच्या बॉर्डरवर, कारण उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आणि खालचा आयर्लंड देश युनियनमध्येच. ज्यांना बॉर्डर हवी होती त्यांना नेमकी तीच एक बॉर्डर नको होती, कारण १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या गेलेल्या आणि त्या परत उभारायची कोणाची हिंमत नाही, म्हणून तपासणी समुद्रात ढकलली, म्हणजे आपल्याच देशात, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला माल पाठवताना कागदं करा. निळा पासपोर्ट परत आला त्याचं फार कौतुक झालं, तो बनवायचं कंत्राट फ्रेंच मालकीच्या कंपनीकडे आणि छपाई पोलंडमध्ये.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. १ जानेवारी २०२१ पासून नवीन पॉइंटवाली सिस्टिम, युरोपियन असो की भारतीय, आयरिश सोडून सगळ्यांना एकच रांग. पण ही रांग आधीच्या आमच्या रांगेपेक्षा खूप सोपी केली, ते लोकांच्या लक्षात येत नाही. आधी नोकरीच्या व्हिसांना वर्षाला साधारण २० हजार ७०० चा कोटा होता, तो उठवला. आधी कंपनीला २८ दिवस जाहिरात देऊन इथला माणूस मिळत नाही हे दाखवावं लागायचं, ते काढलं. पगाराची अट ३० हजारांवरून २५ हजार ६०० वर आणली, आणि डिग्रीच्या खालची कामंही बसवली. त्यात जुलै २०२१ पासून शिक्षण झाल्यावर दोन वर्षं राहून नोकरी शोधायची परवानगी, आणि फेब्रुवारी २०२२ पासून म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या केअर वर्करना व्हिसा, कारण युरोपातून येणारे आटले होते आणि कोविडनंतर माणूसच मिळेना. त्याच्या आधी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ट्रक ड्रायव्हर नाहीत म्हणून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, मी स्वतः पाऊण तास उभा होतो. मग काय, भारतीय स्टुडंटनी चीनला मागे टाकलं, २०२२-२३ ला एका वर्षात सुमारे १ लाख ४० हजार स्टडी व्हिसे आपल्याला. आणि आलेले वजा गेलेले हा आकडा ९ लाखांच्या वर गेला, सार्वमताच्या वेळच्या जवळपास तिप्पट, त्यात युरोपियन तर येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त. नळ हातात आला आणि सरकारने स्वतःच पूर्ण सोडला. करीवाल्यांचे शेफ मात्र फारसे आले नाहीत, पगाराची अट छोट्या हॉटेलला परवडेना.

आणि ज्या बॉर्डरचे फोटो रोज पेपरात येतात, इंग्लिश खाडीतल्या छोट्या बोटी, त्या सार्वमताच्या वेळी मुद्दाही नव्हत्या. २०१८ ला पूर्ण वर्षात २९९ लोक, २०२२ ला ४५ हजार ७०० च्या वर. युनियनमध्ये असताना निदान पहिल्या देशात परत पाठवायचा एक नियम कागदावर होता, तो बाहेर पडल्यावर गेला. रवांडाला पाठवायची योजना सुप्रीम कोर्टाने २०२३ ला बेकायदा ठरवली आणि २०२४ ला नवीन सरकारने गुंडाळली.

शेजाऱ्याचं राहिलं. २०१९ ला युरोपियन लोकांना राहायचा हक्क पक्का करायला अर्ज करायचा होता, ॲपवर पासपोर्ट स्कॅन करून, आणि ते ॲप सुरुवातीला आयफोनवर चालतच नव्हतं. त्याच्याकडे आयफोन. तो माझा अँड्रॉइड मागायला आला. आमच्या किचन टेबलावर त्याचा लाल पासपोर्ट ठेवून मी फोन धरला, तीनदा फेल गेलं, चौथ्यांदा घेतलं, मग त्याने माझ्याच फोनकडे बघून सेल्फी दिला, गंभीर चेहरा, शाळेच्या फोटोसारखा. चौदा वर्षं राहून परवानगी मागतोय, आणि हातात फोन लीव्हला मत दिलेल्याचा. तेव्हा सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं. २०२२ ला तो व्हॅन विकून परत गेला. त्या घरात आता केरळातल्या कोट्टयमची केअर होममध्ये काम करणारी बाई आणि तिचा नवरा राहतात.

आता भावाचं. तुम्ही २०२२ चे यूट्यूब व्हिडिओ बघून ठरवत असाल तर थांबा, तो नळ परत आवळलाय. जानेवारी २०२४ पासून, रिसर्चवाले सोडून, मास्टर्सवाल्याला बायको मुलं आणता येत नाहीत. जुलै २०२५ पासून नोकरीच्या व्हिसाला साधारण ४१ हजार ७०० पौंड पगार आणि बहुतेक वेळा डिग्री लेव्हलचं काम लागतं, नुकतीच नोकरीला सुरुवात करणाऱ्या पोरांना थोडी सूट आहे पण ती काही वर्षांपुरती, आणि केअर वर्करचं बाहेरून येणं बंदच केलंय. शिक्षणानंतर नोकरी शोधायची दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीडच वर्ष. कायमचं राहायला पाचच्या जागी दहा वर्षं करायचं सरकारने २०२५ ला मांडलंय, कोट्टयमची बाई त्याच काळजीत आहे, रोज विचारते काही नवीन आलं का. सरकारी दवाखान्यासाठीचा हेल्थ सरचार्ज स्टुडंटला वर्षाला ७७६ पौंड, तो फीच्या वर, आधीच भरायचा. घरचं कर्ज न काढता जमत असेल आणि परत यायची तयारी असेल तर पाठवा. "तिकडे गेला की सेटल होईल" या हिशोबाने फ्लॅट गहाण टाकणार असाल तर माझं उत्तर नाही असं आहे. आणि आईला भेटायला बोलवायचं ठरलं तर कागदं दोनदा तपासा, आमच्या आईचा व्हिसा दुसऱ्यांदा मिळाला तेव्हा नातू चालायला लागला होता.