कागद वाळेपर्यंत वाजवायचं काय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी वॉटरकलर करते आणि माझा मावसभाऊ म्युझिक कंपोझ करतो. गणपतीत सोसायटीत लाइव्ह कार्यक्रम ठरलाय, तो कीबोर्ड वाजवणार, मी स्टेजवर चित्र काढणार. परवा तालीम केली तर त्याची आठ मिनिटांची ट्यून संपली तरी माझं आभाळ ओलंच! हेअर ड्रायर लावला तर माइकमध्ये घरघर येते म्हणून चिडला. तो म्हणतो फास्ट काढ, मी म्हणते तू थांब. कोणाचं बरोबर? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: दोघांचंही चुकतंय, रागावू नका. कोकणातली भाद्रपदातली हवा, त्यात 300 जीएसएमचा जाड कागद आणि वर भरपूर पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तो आठ मिनिटांत वाळतोय कशाला! आणि घाईघाईत अर्धवट ओल्यात भरलेला ब्रश टेकवलात की कोबीच्या गड्ड्यासारखा डाग फुटणारच.

तुमच्या भावाला रशियन कंपोझर मुसोर्गस्की माहीत असेलच. त्याचा मित्र हार्टमन, आर्किटेक्ट आणि चित्रकार, 1873 मध्ये गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि त्यावरून मुसोर्गस्कीने पियानोसाठी दहा तुकडे लिहिले, एक तर अंड्यातून अजून बाहेर न आलेल्या पिल्लांच्या नाचाचा, मूळ चित्र म्हणजे बॅलेच्या कपड्यांचं स्केच! पण मला त्यातली खरी गंमत वाटते ती मधल्या चालीची. एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना तो स्वतः कसा चालतोय हेही त्याने वाजवलंय, दर वेळी थोडं बदलून. म्हणजे मधल्या रिकाम्या वेळालासुद्धा म्युझिक आहे.

तुमच्याकडे हा रिकामा वेळ म्हणजे वाळण्याचा वेळ. तेव्हा एक दिवस कीबोर्ड बंद ठेवून भावाला कागदाशेजारी बसवा, तिरकं बघायला सांगा, ओल्या रंगाची चमक हळूहळू मावळते ना, तीच त्याची खूण. चमक आहे तोवर एकच छोटी ओळ आलापासारखी घोळवत राहायची, मिनिटं मोजायची नाहीत, चमक गेली आणि तुम्ही मान हलवलीत की पुढची ट्यून. फक्त तुम्ही पाऊस काढला की त्याने टपटप वाजवायचं हे प्लीज नको, ते शाळेच्या गॅदरिंगसारखं होतं.

हो, आणि रंग वाळल्यावर फिका पडतो हे त्याला आधीच सांगा, नाहीतर गडद ढग बघून तो शेवट दणक्यात करेल आणि चित्र तोवर फिकुटलेलं! हेअर ड्रायर मात्र आणा, टाळ्या चालू असताना खुशाल लावा.