पट मोज, मग बोल

प्रिय,

तुझी तक्रार वाचली: संगीतात हार्मोनिक म्हणजे तारेतला वरचा सूर, गणितात १ + १/२ + १/३ ही श्रेणी, भौतिकशास्त्रात स्प्रिंगचं डोलणं, मग खरं कुठलं? व्याख्या पाठ करणं थांबव. तार घे आणि पट मोज, म्हणजे प्रत्येक सुराची वारंवारता (सेकंदातली कंपनं, हर्ट्झमध्ये) मूळ सुराच्या किती पट आहे ते.

११० हर्ट्झला लावलेली गिटारची पाचवी तार, लांबी ६५ सेंमी. बरोबर मध्यावर, बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर, बोट नुसतं टेकव, दाबू नकोस. ब्रिजजवळ छेड आणि लगेच बोट उचल. २२० ऐकू येईल. एक तृतीयांशावर, सातव्या फ्रेटपाशी, ३३०. पाव लांबीवर ४४०. सूर बसका आला तर बोट जड पडलंय, उचलायला उशीर झालाय किंवा जागा चुकलीय.

वारंवारता १, २, ३, ४ पटीत चढली. आता त्याच स्वरांची तारेवरची तरंगलांबी (एका पूर्ण लाटेची लांबी) बघ: १३०, ६५, ४३.३, ३२.५ सेंमी. म्हणजे १, १/२, १/३, १/४. गणितातली श्रेणी आली की नाही हातात? तिची बेरीज अनंतापर्यंत जाते, पण इतकी रेंगाळत की १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. हरात्मक मध्यही (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) इथलाच. १२ आणि ६ यांचा हरात्मक मध्य ८. १२, ८ आणि ६ लांबीच्या तीन सारख्या तारा सारख्याच ताणाने लाव, वारंवारता २ : ३ : ४ येईल.

स्प्रिंगचं कोडं तर त्याहून सोपं. जितकं ओढाल तितक्याच प्रमाणात मागे खेचणारं बल असलं, की एकच शुद्ध वारंवारता मिळते. तारेचा एकेक हार्मोनिक म्हणजे असा एकेक दोलक. लंबकाला मात्र हे लहान कोनापुरतंच लागू. ९० अंशांवरून सोडलास तर आवर्तकाल सुमारे १८ टक्के वाढतो, आणि मग पुस्तकाला दोष देऊ नकोस.  

आता कान उपटतो. ‘ढोलाचे हार्मोनिक’ असं तू बेधडक लिहिलंस. कशाच्या किती पट? मोजलेस? एकसारख्या ताणलेल्या कातड्याच्या वारंवारता मूळच्या १.५९, २.१४, २.३० पट असतात. हे ओव्हरटोन (मूळ सुराच्या वरचे सूर) खरे, हार्मोनिक नव्हेत. तबला-मृदंगावरची शाई कातड्याचं वजन मध्यावर वाढवून हे आकडे पूर्णांकांजवळ आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली नेमकं हेच दाखवलं. पियानोची तारही ताठपणामुळे वरच्या पटींत थोडी चढी वाजते. शब्दाचा कीस काढतोय असं म्हणशील, खुशाल म्हण. पट पूर्णांक नसेल तर मी हार्मोनिक म्हणणार नाही. क्रमांकही सांभाळ: पहिला ओव्हरटोन म्हणजे दुसरा हार्मोनिक. निम्मे घोळ इथेच होतात.

मोजताना तार ध्वनिमुद्रित कर, छेडल्याचा सुरुवातीचा खटका कापून टाक आणि पूर्ण सेकंदभराचा तुकडा स्पेक्ट्रमला (कुठली वारंवारता किती जोरात आहे त्याच्या आलेखाला) दे. सेकंदाचा दहावा भाग घेतलास तर शिखरं सुमारे १० हर्ट्झ रुंद फुगतील, आणि ५५० व ५५४ यांतला फरक दिसणार नाही. पाचवा हार्मोनिक आणि कीबोर्डवरचा त्याच्या जवळचा स्वर यांत तेवढंच अंतर आहे. मधोमध छेडू नकोस, तिथे सम हार्मोनिकांचा निस्पंद (न हलणारा बिंदू) असतो, ते उठतच नाहीत. आणि सर्वांत खालचं शिखर हाच मूलस्वर (पहिला हार्मोनिक) असं धरून चालू नकोस. २२०, ३३०, ४४० एवढेच दिसले तर २२० ने भागून १.५ येईल आणि तू गडबडशील. ११० ने भाग. ते शिखर आलेखात नसलं तरी कान सूर ११० चाच ऐकतो.