युरोपचा पासपोर्ट विकत मिळतो का? तासगावच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक एजंट म्हणतोय की ९ लाख द्या, नोकरी लावून देतो आणि ३ वर्षांत युरोपचं नागरिकत्व हातात, दीर म्हणतायत की अर्धा एकर द्राक्षबाग काढून टाकू, नणंदेच्या म्हापश्याच्या मुलाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला मग आपल्याला का नाही, आणि शेवटी एक वाक्य जे तुम्ही बहुतेक घाबरतच लिहिलंय, की तो तिकडचा नागरिक झाला तर सातबाऱ्यावरचा त्याचा हक्क जाईल का.

सगळ्यात आधी, बाग विकू नका आणि टोकन तर अजिबात देऊ नका. आता का ते सांगते.

नुसतं "युरोपचं नागरिकत्व" असं कुठल्या खिडकीवर मिळत नाही हो. नागरिकत्व देश देतो, म्हणजे जर्मनी देतो, आयर्लंड देतो, इटली देतो, आणि त्यातला एखादा युरोपियन युनियनमधला देश तुमचा झाला की बाकीच्या देशांत राहायचा, काम करायचा हक्क त्याच्याबरोबर येतो. त्यामुळे एजंटनं देशाचं नाव न घेता "युरोप" म्हटलं ना, तिथेच समजायचं. पैसे भरून थेट पासपोर्ट देणारे देश होते, नाही असं नाही, पण सायप्रसनं ते २०२० मध्ये बंद केलं, आणि माल्टाची स्कीम युरोपियन युनियनच्या कोर्टानं एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवली, नागरिकत्व असं व्यवहार करून विकता येत नाही म्हणून. आणि ते सुद्धा कोट्यवधी रुपयांचं काम होतं, ९ लाखांचं नव्हे. गोल्डन व्हिसा म्हणतात तो वेगळा, त्यात गुंतवणूक केल्यावर फक्त राहायची परवानगी मिळते, नागरिकत्व नाही.

आता ते ३ वर्षं कुठून आलं तेही सांगते, कारण ते अगदीच हवेतलं नाही. जर्मनीनं जून २०२४ मध्ये कायदा बदलला, आधी ८ वर्षं राहावं लागायचं ते ५ वर आणलं, आणि ज्याचं जर्मन खूप वरच्या लेव्हलचं आहे, काम किंवा सामाजिक कामात ज्यानं विशेष काही केलंय अशाला ३ वर्षांत अर्ज करता येईल अशी सोय ठेवली. ती सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेनं काढून टाकली, ५ वर्षं मात्र तशीच राहिली. म्हणजे एजंट तुम्हाला मेलेल्या म्हशीचं दूध विकतोय.

नणंदेच्या मुलाचं म्हणाल तर त्याचं प्रकरणच वेगळं आहे आणि त्यात तुमच्या मुलाचं काही कमी-जास्त नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता, त्या आधी तिथे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला नागरिक मानतो, आणि त्याचा जन्म लिस्बनला नोंदवून घेतला की मुलगा, नातू यांनाही मागता येतं. त्याचे आजोबा म्हापश्याचे, म्हणून त्याला मिळालं. तुमच्याकडे कुणी गोव्यात जन्मलेलं नाही, विषय संपला. कुणी "गोव्याचा जन्मदाखला करून देतो" म्हटलं तर त्या माणसाला दारात उभं करू नका, तो सरळ गुन्हा आहे.

मग सामान्य घरातल्या मुलानं काय करायचं? रस्ता आहे आणि तो स्वच्छ आहे, फक्त लांब आहे. तिथे जाऊन शिकायचं, नोकरी करायची, टॅक्स भरायचा, भाषा शिकायची, आणि वर्षं भरली की अर्ज करायचा. लग्नाचाही रस्ता असतो, जर्मन नागरिकाशी लग्न झालं तर ३ वर्षं राहून आणि लग्नाला २ वर्षं झाली की अर्ज करता येतो, पण तो काही आपण बसून ठरवायचा विषय नाही.

कुठला देश सोपा, हा तुमचा प्रश्न. इटलीत आपल्यासारख्यांना १० वर्षं, ऑस्ट्रियात १०. आयर्लंडमध्ये ५ आहेत आणि इंग्रजी चालतं म्हणून मुलं तिकडे धावतात, पण तिथे विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं मोजतच नाहीत, नोकरीचं परमिट लागल्यापासून घड्याळ सुरू होतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही. जर्मनीत विद्यार्थी म्हणून राहिलेली वर्षं धरतात, मात्र अर्ज करताना हातात नुसता शिक्षणाचा परमिट असून भागत नाही, नोकरीचा किंवा कायमचा हवा. तुमचा मुलगा मेकॅनिकलचा आहे, मराठी मीडियमचा आहे, घरचा पैसा मोजका आहे, हे सगळं धरून माझं मत जर्मनी. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, आपल्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही आता फी लावलीय.

खर्चाचा मोठा आकडा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण १२ लाख रुपये, आधीच एका खात्यात टाकायचे. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण ताई, हे नीट बघा, ते पैसे कुणाला द्यायचे नाहीयेत, खातं मुलाच्याच नावाचं, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो त्यालाच काढता येतात खायला, भाड्याला. एज्युकेशन लोनमध्येही हे बसवता येतं. एजंटचे ९ लाख गेले की गेले. आणि दीरांना हेही सांगा की शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते, त्यावर लोन फिटत नाही पण पोराचा हात चालू राहतो.

आता हिशोब मांडू. पुढच्या वर्षी इंजिनीअरिंग संपलं, २ वर्षं मास्टर्स, नंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंत थांबता येतं, नोकरी लागली की तिथल्या डिग्रीवाल्याला २ वर्षांच्या नोकरीनंतर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मागता येतो, आणि एकूण ५ वर्षं भरली की नागरिकत्वाचा अर्ज. अर्जाचा निकाल मोठ्या शहरांत वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लांबतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी तो २८-२९ चा होईल. अर्जाला २५५ युरो. त्यासाठी जर्मन बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलचं, स्वतःच्या पगारावर घर चालवणं म्हणजे सरकारी भत्त्यावर नसणं, पोलीस रेकॉर्ड स्वच्छ, ओळख कागदांनी सिद्ध, आणि एक परीक्षा. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास, ३१० प्रश्नांचा संच आधीच सगळ्यांना खुला असतो. त्यातला पहिलाच प्रश्न मी मुलांना वाचून दाखवते: जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात, कारण... आणि चार पर्याय, धर्मस्वातंत्र्य आहे, लोक टॅक्स भरतात, लोकांना मतदानाचा हक्क आहे, की विचार मांडायचं स्वातंत्र्य आहे. मुलं हसतात, सोपं आहे म्हणतात, पण प्रश्न जर्मनमध्ये असतो, आणि ते चार शब्द वेगळे ओळखायला दोन-तीन वर्षं भाषेत मुरावं लागतं.

म्हणून माझा सगळा जोर भाषेवर आहे. नागरिकत्व, पीआर, नोकरी, सगळ्याच्या दाराला एकच किल्ली. मास्टर्स इंग्रजीत मिळतं, खरंय, पण मेकॅनिकलमध्ये मशीनवर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं लागतं आणि तो जर्मनच बोलतो. माझ्याकडे आलेली कितीतरी मुलं इंग्रजी कोर्सच्या भरवशावर गेली आणि डिग्री हातात असून नोकरी शोधताना अडकली. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, दोन्हीकडे जर्मन शिकवतात, मुलानं या सुट्टीत ए-वन, म्हणजे अगदी पहिली लेव्हल, सुरू केलं तर डिग्रीपर्यंत बी-वनच्या जवळ जाऊ शकतो. आणि भाषेचं सर्टिफिकेट "मॅनेज" करून देणारे असतात, त्यांच्यापासून तर शंभर हात लांब. खोट्या कागदावर मिळवलेलं नागरिकत्व जर्मनी १० वर्षांपर्यंत काढून घेऊ शकते, आणि आता अर्जात फसवणूक सापडली तर १० वर्षं अर्जालाच बंदी. एजंट तोवर दुसऱ्या नावानं दुसरं ऑफिस थाटून बसलेला असतो, भोगायचं पोराला.

एजंट टुरिस्ट व्हिसावर नेतो म्हणाला असेल, तर तेही ऐकून ठेवा. त्या व्हिसाला शेंगेन व्हिसा म्हणतात, त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि तिकडे गेल्यावर नोकरी धरायची त्यावर मुभा नाही. लपून राहिलेला एकही दिवस त्या ५ वर्षांत धरत नाहीत.

आता सातबारा. हे तुम्ही शेवटी लिहिलंत पण मला वाटतं रात्रीची झोप याच्यामुळेच गेलीय. जर्मनी आता दोन नागरिकत्वं चालवून घेते, पण भारत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप संपतं, अर्ज करा न करा. मग पासपोर्ट सरेंडर करायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआय कार्ड काढायचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना आपलं सरकार देतं ते कार्ड. ओसीआयवर व्हिसाशिवाय कधीही येता येतं, राहता येतं, फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पण वारसाहक्कानं मिळू शकते. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर त्याचं नाव लागू शकतं, फक्त शेजारचा तुकडा नव्यानं घ्यायचा म्हटलं तर जमणार नाही, आणि पुढेमागे विकायची झाली तर इथल्याच माणसाला. घरातले जमिनीचे कागद एकदा वकिलाला दाखवून घ्या, वाटणी झालेली नसेल तर आत्ताच बोलून ठेवा, परदेशात गेलेल्या मुलाच्या सहीसाठी तलाठ्याकडे ताटकळलेली घरं मी पाहिलीयत.

मिरजेची माझी एक विद्यार्थिनी, तिनं गेल्या वर्षी जर्मन नागरिकत्व घेतलं, व्हिडिओ कॉलवर तिनं मला तो रद्द केलेला जुना निळा पासपोर्ट दाखवला, शिक्का मारलेला, आणि त्यातलं पहिलं पान उघडून धरलं, जर्मनीला जायच्या आधी काढलेला फोटो, दोन वेण्या. बराच वेळ ती काही बोललीच नाही. निर्णय चुकला असं ती म्हणत नाही, तिचा नवरा, मुलगी, नोकरी सगळं तिथे आहे. पण हा निर्णय तिनं तिथे आठ वर्षं राहून, एकतीस वर्षांची असताना घेतला, तासगावात बसून काकांनी घेतला नाही.

आणि घ्यायलाच पाहिजे असंही नाही. पीआर मिळाला की भारतीय पासपोर्ट ठेवून तिथे आयुष्यभर राहता येतं, नोकरी बदलता येते. त्यात एक मेख आहे, साधारण सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर पीआर जाऊ शकतो, म्हणजे उद्या तुम्ही आजारी पडलात आणि तो वर्षभर इकडे राहिला तर प्रश्न येईल, नागरिकाला तो प्रश्न येत नाही. काही जण नेमकं एवढ्यासाठीच, आईवडिलांकडे येऊन निवांत राहता यावं म्हणून नागरिकत्व घेतात. हे सगळं त्यानं तेव्हा तोलावं.

आत्ता एकच काम करा. मुलाची दहावी-बारावीची मार्कशीट, जन्मदाखला आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर ताडून बघा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर क्रम वेगळा, कुठे स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, जन्मदाखल्यावर कधी नावच नसतं, नुसतं "मुलगा". जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी एपीएस म्हणून कागद तपासणी लागते, १८,००० रुपये फी आहे, आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळीही ओळख याच कागदांवर सिद्ध करायची असते. जन्मदाखल्याची दुरुस्ती, जन्म जिथे नोंदवलाय तिथे, आत्ता दोन खेटे मारून होते, तिकडून करायला गेलं की दोन वर्षं जातात.

आणि ताई, चार पानी पत्रात एजंट काय म्हणतो ते आहे, दीर काय म्हणतात ते आहे, नणंद आहे, मुलगा काय म्हणतो ते एका ओळीतही नाही. पुढचं पत्र त्याला लिहू दे. कुठला विषय आवडतो, सीजीपीए किती, बॅकलॉग आहेत का, आणि जायचंय ते का जायचंय. बॅकलॉग असले तरी लिही म्हणावं, लपवू नकोस.