इंग्रजीत एका माणसासाठी 'दे' (they) वापरणं हे नवं फॅड आहे का? मुलीने निबंधात 'एव्हरीवन' नंतर 'देअर' लिहिलं तर बाईंनी मार्क कापला. बरोबर कोण?

तुमची मुलगी बरोबर.

आता जरा लांबण लावते, कारण हाच अर्धा मार्क माझाही गेलाय. नववीत, सहामाहीच्या पेपरात, 'माझी शाळा' या निबंधात. मी लिहिलं होतं, 'एव्हरी स्टुडंट ऑफ अवर स्कूल लव्हज देअर टीचर.' सरांनी 'देअर'भोवती लाल गोळा काढला आणि वर 'हिज' लिहिलं. आमची शाळा मुलींची. वर्गात चोपन्न मुली, सगळ्यांच्या दोन वेण्या आणि निळ्या रिबिनी. पुरुष म्हणाल तर एकटे सर. मी उभी राहून विचारलं, "सर, मग निदान 'हर' तरी?" सर म्हणाले, "पुल्लिंगात स्त्रीलिंग आलंच. दहा वेळा लिहून आण." आणले लिहून. घरी पेपरवर सही करताना बाबा म्हणाले, "सर म्हणतायत म्हणजे तसंच असणार. तू काय इंग्रजांपेक्षा शहाणी?"

गंमत अशी, की याच सरांनी एकीला तासभर बाकावर उभं केलं होतं. का, तर ती दारातून ओरडली, "ए, सर आला!" "आला? आले म्हण!" माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी, हे मराठीत संस्कार, इंग्रजीत केलं की चूक.

इंग्रजांनीही अगदी हेच केलंय, 'यू'च्या बाबतीत. एकाला 'दाऊ', अनेकांना 'ये', आणि 'यू' हे त्या 'ये'चं कर्माचं रूप. तेराव्या शतकापासून फ्रेंचांच्या वळणाने मोठ्या माणसाला अनेकवचनी हाक मारायची पद्धत आली, आपल्या 'तुम्ही'सारखी. पुढे सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणू लागले आणि 'दाऊ' मागे पडलं. प्रार्थनेत ऐकून अनेकांना 'दाऊ' आदरार्थी वाटतं. उलट आहे. १६०३ साली दर्यावर्दी वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात मुद्दाम 'दाऊ'वर आला, म्हणजे सरळ अरे-तुरेवर. 'यू आर' मधलं 'आर' हा त्याच जुन्या अनेकवचनाचा अवशेष. ते आपण रोज निमूट म्हणतो, आणि 'दे'वर मात्र लाल गोळा.

'दे' तर मुळात इंग्रजीचं नाहीच. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक उत्तर आणि पूर्व इंग्लंडात येऊन स्थायिक झाले, त्यांच्या भाषेतून ते आलं. जुन्या इंग्रजीत तो, ती आणि (अनेकवचनी) ते यांची रूपं 'हे', 'हेओ', 'हीए' अशी. बोलताना एकमेकांत मिसळायची. परक्यांचं 'दे' स्पष्ट ऐकू यायचं, म्हणून टिकलं. तेही एकदम नाही: चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर 'दे' लिहितो, पण 'देअर'च्या जागी 'हिर' आणि 'देम'च्या जागी 'हेम'. बोलण्यात जे नुसतं 'एम' ऐकू येतं ते या 'हेम'चं उरलेलं शेपूट आहे. आणि त्याच शतकात, अनोळखी एकट्या माणसासाठी 'दे' लिहिलेलंही सापडतं. शेक्सपिअरने वापरलं, जेन ऑस्टिनने वापरलं. फॅड सहाशे वर्षं चालत नाही.

आपल्याला हे अवघड वाटायचं कारण म्हणजे आपली सोय झालेली आहे. दार वाजलं की आपण म्हणतो, "कुणीतरी आलंय." नपुंसकलिंग, विषय संपला. इंग्रजीत माणसाला 'इट' म्हणता येत नाही, म्हणून ते 'दे'कडे वळतात.

'पुल्लिंगात स्त्रीलिंग आलंच' याचं काय? ब्रिटिश संसदेने १८५० साली तसा कायदाच केला: कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धरायच्या. मग मँचेस्टरच्या पाच हजारांवर बायकांनी मतदारयादीत नावं मागितली. १८६८ साली न्यायालयाने सांगितलं, इथे नाही. म्हणजे कर भरताना 'ही'मध्ये बाई आहे, मत देताना नाही. हा आमच्या सरांचा नियम.

आता राहिलेलं. एखादी व्यक्ती स्वतःसाठी 'ही' किंवा 'शी' नको, 'दे' म्हणा असं सांगते, तो वापर मात्र अलीकडचा. मेरियम-वेबस्टर कोशाने २०१९ साली 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवलं ते बरंचसं त्यामुळेच. सांगितलं तर म्हणावं, त्यात आपलं काही जात नाही. आणि मुलीला बोर्डाच्या पेपरात 'ऑल स्टुडंट्स' लिहायला सांगा, मग पुढच्या 'देअर'ला कुणी हात लावत नाही. पेपर तपासणारे कोण असतील सांगता येत नाही. बाईंशी भांडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर गेले असते.

गेल्या दिवाळीत बाबांना हे सगळं ऐकवलं, रॅलेपासून मँचेस्टरपर्यंत. चष्मा पुसत त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण मार्क तर गेलाच ना?"